स्कार्फची गाठ

रुखमाबाईंच्या ओसरीवरच्या रांजणाची इंदूला पहिल्या दिवसापासून धास्ती होती. रांजण तसा गरीब. निम्मा जमिनीत पुरलेला, वर लाकडी झाकण, झाकणावर पितळी गडवा. यवतमाळच्या उन्हातून आलेलं घरचं माणूस आधी ओसरीवर टेकायचं, गडवाभर पाणी प्यायचं आणि मग बोलायला तोंड उघडायचं. खोली भाड्यानं घेतली त्याच दिवशी रुखमाबाई म्हणाल्या होत्या, "पानी वेगळं भरू नोको वो पोरी. एवढा मोठा रांजण हाये. मी एकली जीव, किती पेनार? दोन घरं मिळून पिऊ."

इंदू "बरं" म्हणाली. तिथंच ती अडकली.

ती खोटं बोलली नव्हती. रुखमाबाईंनी विचारलं होतं, "वानखडे कुठले?" तिनं सांगितलं होतं, "आर्णीकडचे." त्यावर रुखमाबाईंचा चेहरा असा उजळला, की जणू हरवलेलं भांडं सापडलं. "म्हंजे आपलेच! माह्या मावसबहिनीचं सासर वानखड्याईतच हाये." पुढं त्यांनी काही विचारलं नाही, आणि इंदूनंही काही सांगितलं नाही. आडनाव एक असलं तरी त्याच्या आत दोन गावं असतात, एक गावातलं आणि एक गावकुसाबाहेरचं, हे वऱ्हाडात शेंबड्या पोराला कळतं. रुखमाबाईंना त्या दिवशी ते सुचलं नाही एवढंच. समोर जिल्हा परिषदेत कारकून असलेला नवरा, कॉलेजात शिकलेली बायको, परीटघडीचे कपडे. बाईंच्या हिशेबात असे लोक आपलेच असणार!

संध्याकाळी नवऱ्याला, गोविंदाला, तिनं हे सांगितलं, तेव्हा तो जरा वेळ जोडे काढत बसला. मग म्हणाला, "आपण लपवलं नाही. त्यांनी विचारलं तर सांगू."

विचारलं तर सांगू. मागच्या बदलीच्या गावी त्यांनी न विचारताच सांगून पाहिलं होतं. तिथं ज्याला त्याला अचानक आठवायचं, की खोली तर पुतण्यासाठी ठेवली आहे. इंदू पोरीला कडेवर घेऊन तेव्हा दारोदार फिरली होती. ते पुतणे तिला अजून आठवत. म्हणून इथं ती गप्प राहिली, आणि गप्प राहायला रोज थोडं जास्त जोर लागू लागला.

छप्पनच्या दसऱ्याला ती दोघं नागपूरला गेली होती. पांढरी साडी, मांडीवर दोन वर्षांची नलू, आणि लाखो माणसांच्या सुरात मिसळलेला आपला आवाज. देवांना हात जोडणार नाही हा शब्द तिनंही दिला होता, मोठ्यानं. त्या दिवशी तिला जेवढं मोकळं वाटलं तेवढं पुन्हा कधी वाटलं नाही. आता बाबासाहेबांचा फोटो लोखंडी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला होता. पेटी उघडली की दर्शन, मिटली की काही नाही. कोनाड्यात एक समई ठेवली होती. रुखमाबाई एकदा डोकावून म्हणाल्या, "देव्हारा नाही तुमचा?" आणि लगेच आपणच म्हणाल्या, "शिकल्यासवरल्या लोकायचं असंच असते म्हना." इंदूनं समईची वात उगाच पुढं सारली.

ती सगळ्यावर नजर ठेवून असे. गावाकडून कोण येतंय, आल्यावर "जय भीम" म्हणतंय का, नलू गल्लीत काय बोलतेय. सासूबाईंना तर तिनं वर्षभर येऊ दिलं नव्हतं, दरवेळी काहीतरी कारण काढून. पोर झोपली तरी इंदूचे कान ओसरीवर.

आणि एवढं करूनही तिला रुखमाबाई आवडायच्या, हीच मोठी पंचाईत होती. नलूला ताप आला तेव्हा काढा त्यांनी केला. इंदूचं डोकं दुखलं की "निज वो, मी पाहातो पोरीले" म्हणून त्या नलूला घेऊन जात. माणूस वाईट असता तर मनाची तयारी करता आली असती.

चीनची लढाई झाली त्या हिवाळ्यात शहरातल्या शाळांना कवायतीचं वारं लागलं. नलूच्या शाळेत बुलबुल सुरू झालं. मोठ्या मुलांचं स्काऊट, मोठ्या मुलींचं गाईड, तसं लहान मुलींचं बुलबुल. आकाशी फ्रॉक, कमरेला पट्टा, गळ्यात पिवळा त्रिकोणी स्कार्फ. स्कार्फ मात्र वचन दिल्याशिवाय गळ्यात पडत नाही, हे ठोसरबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. ठोसरबाई म्हणजे नलूच्या वर्गाच्या बाई, आणि बुलबुलच्या प्रमुखही त्याच.

नलूनं हे ओसरीवर सांगितलं मात्र, रुखमाबाई ताडकन उठल्या.

"थांब. तुले दाखवतो."

आतल्या भिंतीवर खुंटीला एक टोपी होती, रुंद काठाची, पुढून चार खळ्या पडलेली. तिच्याखाली शिट्टी, आणि कोपऱ्यात उभी लाठी. रुखमाबाईंचे यजमान तुळशीराम मास्तर इंग्रजांच्या काळात स्काऊटमास्तर होते. ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण टोपीवर धूळ नव्हती.

"खाकी सदरा, खाकी चड्डी, गुडघ्यापोतर मोजे, मोज्याले हिरवे गोंडे," रुखमाबाई सांगू लागल्या. "एवढा मोठा बाप्या मानूस चड्डीत! माही सासू म्हने, सुनबाई, तुह्या नवऱ्याले धोतर नेसता येत नाही का वो?"

नलू खिदळली. "मग आजी, आता खाकी काहून नाही?"

"पोरायले हाये अजून. तुमचं पोरीयचं निराळं. तवा तर पोरीयले हे काही नव्हतंच, अन् पोरायचे बी दोन पंथ. एक साहेबाचा, एक आपल्या लोकायचा. साहेबाच्यात वचन असे, का देवाची अन् बादशहाची सेवा करीन. मास्तर एक दिवस पोरायसमोर उभे राह्यले अन् 'बादशहा'च्या जागी 'देश' म्हनले. सरळ. साहेब समोर बसेल होता!"

"मग?"

"मग काय? नोकरीवर बेतली. दोन साल घरी बसले. पन शब्द नाही फिरवला." रुखमाबाईंनी टोपीवरून पदर फिरवला. "वचन आपलं असलं पायजे, म्हनत. दुसऱ्याचं तोंडात धरून काय उपयोग?"

इंदू दारात भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

फ्रॉक रुखमाबाईंनीच आपल्या पायमशीनवर शिवला. बाहीला दोनदा उसवून पुन्हा शिवला, कारण मास्तर म्हणत गणवेश ढगळ नको. डाव्या हातानं हात मिळवायचा, हेही त्यांनीच शिकवलं. "सारी दुनिया उजवा देते, स्काऊट डावा देते. डाव्या अंगाले काळीज असते म्हून." स्वतःच्या सासूनं या डाव्या हातावरून मास्तरांना ताटावरून उठवलं होतं, तेही सांगितलं. आणि गाठ शिकवली. सकाळी स्कार्फच्या टोकाला एक गाठ मारायची. दिवसभरात एक भलाईचं काम करायचं. केलं की गाठ सोडायची. स्कार्फ मिळेपर्यंत नलू रुमालाला गाठ मारी आणि दिवसभर गिऱ्हाईक शोधत हिंडे. रुखमाबाईंची सुई ओवून दे, परसातल्या बकरीचा पाय दोरातून सोडव. एकदा तर भलाई करायला म्हणून तिनं इंदूची वाळत घातलेली डाळ घरात आणली आणि निम्मी रस्त्यात सांडली.

कवायतीला इंदू एकदा शाळेच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली. मैदानात सगळ्या पोरी आकाशी. लांबून आपली कोणती ते तिला कळेना. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल झाले. त्या कपड्यात पोर कोणाचीच नव्हती, नुसती शाळेची होती. कायमची अशीच राहिली तर, असं तिच्या मनात आलं, आणि तिचं तिलाच कसंसं झालं.

मग ते वचन घरात आलं.

नलू जेवताना घडाघडा म्हणून दाखवत होती, "मी वचन देते, की ईश्वर आणि माझा देश यांच्याविषयी माझं कर्तव्य करण्याचा, बुलबुलचे नियम पाळण्याचा आणि रोज एक भलाईचं काम करण्याचा..."

गोविंदाचा घास हातात राहिला. "काय म्हणली? पयल्यानं म्हण."

तिनं पुन्हा म्हटलं. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाता जाता शाळेत गेला आणि संध्याकाळी हसतच आला. "सोय आहे, इंदू. ठोसरबाई म्हणाल्या, ज्याला 'ईश्वर' नको त्यानं 'धर्म' म्हणावं. संस्थेचीच मुभा आहे तशी. आपली नलू 'धर्म' म्हणन."

"आणखी कोण म्हणणार आहे तसं?"

"ते कायले पाहायचं?"

"मी पाहते ना. सगळ्या पोरी 'ईश्वर' म्हणतील, आणि भर मैदानात एकटी आपली पोर 'धर्म' म्हणेल. मावशी तिथं असतील. मास्तरांची बायको म्हणून स्कार्फ त्यांच्याच हातानं बांधायचे ठरलेत. त्या विचारतील."

"विचारलं तर सांगू."

"तुम्ही काय, कचेरीत असता! इथं मी असते. त्यांच्या रांजणातलं पाणी मी पिते, पोर पिते. तुम्ही घरी येता तेव्हा दिवस संपलेला असतो."

"मग काय, पोरीले ईश्वर म्हणाले लावू?" गोविंदाचा आवाज खाली आला. तो चिडला की आवाज खाली येई. "नागपूरले उभी राह्यली होतीस ना माह्या बाजूले? का ते फक्त त्या मैदानापुरतं होतं?"

इंदूनं ताट उचललं. उत्तर होतं, पण ते त्याच्या बाजूचं होतं.

त्यानंतर पोरीचं वचन दोन ठिकाणी पाठ होऊ लागलं. ओसरीवर रुखमाबाईंपुढं 'ईश्वर', खोलीत बापापुढं 'धर्म'. नलूला दोन्ही येत होतं. शेवटी आदल्या दिवशी केस विंचरून घेताना तिनं विचारलंच, "आई, उद्या मी कोणतं म्हणू?"

इंदूच्या हातातली फणी थांबली. रुखमाबाईंची मशीन पलीकडे खडखडत होती. इंदू पोरीच्या कानाशी वाकली.

"तो शब्द आला ना, की खोकायचं. असं. खोकल्यासारखं करायचं आणि पुढं म्हणायचं, 'आणि माझा देश'."

"बाबाले सांगू?"

"नको. कोणालाच सांगू नको."

नलूनं एकदा खोकून दाखवलं. छान जमलं. इंदूला वाटलं आपण विहिरीत काहीतरी टाकलं, आणि त्याचा आवाज अजून यायचा आहे.

समारंभाला गोविंदा नव्हता. त्याला साहेबाबरोबर दौऱ्यावर जावं लागलं. निघताना त्यानं नलूच्या डोक्यावर हात ठेवला. "शिकवलं ते म्हण." नलूनं आईकडे पाहिलं. इंदू पट्ट्याचं बक्कल लावत होती, लावलेलंच होतं ते.

मैदानात चुन्याचं गोल रिंगण काढलं होतं. मधे झेंडा, एका बाजूला खुर्च्या, खुर्च्यांवर पाहुण्या बायका. रुखमाबाई लुगड्यावर शाल घेऊन उभ्या होत्या, शेजारी थाळीत पिवळे स्कार्फ घडी घालून. एकेक पोरगी पुढं येई, तीन बोटांनी सलाम करून वचन म्हणे, रुखमाबाई स्कार्फ घालत, डावा हात देत. एक "ईश्वर" झाला, दुसरा झाला. इंदू पालकांच्या रांगेत उभी होती आणि दर ईश्वरासरशी तिची मूठ आवळत होती.

नलू पुढं आली. तिनं सलाम केला. स्वच्छ आवाजात म्हणाली, "मी वचन देते, की..."

आणि थांबली.

रुखमाबाईंनी स्कार्फ उलगडून धरला होता. वाकून, प्रेमानं त्यांनी पुढचा शब्द ओठ हलवून दिला. पोरगी त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. मग तिनं मान वळवली, रांगेत आई सापडेपर्यंत शोधलं, आणि मैदानभर ऐकू जाईल असं विचारलं,

"आई, आता खोकू का?"

खुर्च्यांवर हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "अगं बाई, घाबरली वाटतं!" ठोसरबाईसुद्धा तोंडावर पदर घेऊन हसल्या. हसली नाही ती इंदू, आणि नलू. नलू वाट बघत होती. तिच्या बोटांचा सलाम अजून तसाच होता, कपाळाशी. आठ वर्षांच्या त्या पोरीनं एवढ्या लोकांत खोटं खोकायच्या आधी आईची परवानगी मागितली होती.

"नको," इंदू म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली, "खोकू नको, नलू. बाबांनी शिकवलंय ते म्हण."

"धर्म आणि माझा देश यांच्याविषयी..." नलू सुटल्यासारखी म्हणत गेली, शेवटपर्यंत, एकही शब्द न चुकता.

रुखमाबाईंचे हात स्कार्फसकट तसेच हवेत होते. खुर्चीवरची एक बाई म्हणाली, "धर्म कसं हो? बाकीच्या मुलींनी तर ईश्वर म्हटलं." आणि शेजारणीकडे अशी वळली, की इंदूला पुढचं सगळं ऐकू आल्यासारखं झालं. तेवढ्यात रुखमाबाई बोलल्या, चढ्या आवाजात.

"चालते तसं! आमच्या मास्तरायनं बी शब्द बदलला होता, साहेबासमोर. पोरीनं वचन देल्लं ना? झालं मग."

त्यांनी स्कार्फ नलूच्या गळ्यात घातला, नीट केला, टोकाला गाठ मारली आणि डावा हात पुढं केला. पण इंदूकडे पाहिलं नाही.

घरी येताना त्या पुढं चालल्या, नलू मधे उड्या मारत, इंदू मागे. फाटकाशी रुखमाबाईंनी नलूला बकरीला पाला घालायला पिटाळलं आणि वळल्या.

"इंदू. वानखडे कोन?"

विचारलं तर सांगू. इतके दिवस जपून ठेवलेलं ते वाक्य सोपं निघालं. "छप्पन साली आम्ही नागपूरला दीक्षा घेतली, मावशी. बौद्ध आहोत आम्ही."

रुखमाबाई ओसरीच्या पायरीवर बसल्या. त्यांनी शालीचा काठ चिमटीत धरला. "अन् त्याच्या पयले," त्या म्हणाल्या. पण तो प्रश्न नव्हता, आणि इंदूनं उत्तर दिलं नाही. त्यांची नजर रांजणाकडे गेली. इंदूची आधीच तिथं होती.

"मले सांगाचं तं होतं वो पोरी."

"सांगितलं असतं तर खोली दिली असती?"

रुखमाबाई गप्प. त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. मग हलक्या आवाजात, अगदी मायेनं म्हणाल्या, "खोली सोडू नोको. मी काही तशी नाही. पोरीचा लळा लागला मले. पन हे तुह्या-माह्यात राहू दे. मी कोनाले सांगत नाही, तूही नोको सांगू. शब्दाचं मी निभावलं मैदानात, पाह्यलं ना? आता पान्याचं... तुले एक नवा माठ आनून देतो. आत ठेव, खोलीत. पानी ओसरीवरूनच नेल्यासारखं दिसू दे लोकायले. मले गावात राहाचं हाये." आणि उठता उठता, "पोरीले तू समजाव. माह्यानं नाही होनार."

"बरं," इंदू म्हणाली.

त्या आत गेल्या. इंदू तिथंच उभी राहिली. जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. खोली राहिली, माया राहिली, गल्लीत कोणाला कळणार नव्हतं. पूर्वी ती एकटी गप्प होती, आता तिच्यासोबत घरमालकीणही गप्प राहणार होती. पूर्वी नुसती धास्ती होती. आता त्या धास्तीला कडी लागली होती, आणि ती तिनं आतून, स्वतःच्या हातानं लावून घेतली होती. गोविंदा दौऱ्यावरून आला की त्याला काय सांगायचं? माठ आणला म्हणायचं? आणि नलूला काय सांगायचं? रांजणापाशी गेली की खोक?

"आई!" नलू परसातून पळत आली. फ्रॉकला पाला चिकटलेला, कपाळावर घाम. "बकरीनं खाल्लंच नाही काही. माहं आजचं भलाईचं काम राह्यलं. गाठ तशीच हाये पाह्य!"

तिनं स्कार्फचं टोक आईपुढं नाचवलं, आणि इंदूकडे बघता बघता तिचा चेहरा बदलला. "तुहे ओठ किती सुकले वं आई. थांब, तुले पानी देतो. मग सोडतो गाठ."

ती रांजणाकडे वळलीही. इंदूचा हात आपोआप पुढं गेला आणि तिनं पोरीचं मनगट धरलं. घट्ट. नलूनं चकित होऊन वर पाहिलं. आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या. रुखमाबाई चौकटीत येऊन उभ्या होत्या. त्यांना बोलायची गरजच नव्हती, त्यांचं काम इंदूचा हात करत होता.

इंदूनं त्या हाताकडे पाहिलं. मग बोटं सोडली.

"दे," ती म्हणाली. "मला खरंच तहान लागलीय."

नलूनं झाकण सारलं, गडवा बुडवला, आणि दोन्ही हातांनी, न सांडता, आणून दिला. इंदूनं तो तोंडाला लावला. पाणी गार होतं, नेहमीसारखंच. ती सावकाश प्यायली, रुखमाबाईंच्या डोळ्याला डोळा देऊन, सगळा गडवा संपेपर्यंत. या ओसरीवरचं हे शेवटचं पाणी, हे तिला कळत होतं. उद्यापासून पुन्हा दारं, पुन्हा ते पुतणे. पण या वेळी दारात उभं राहून ती आधी सांगणार होती.

"झालं?" नलूनं विचारलं.

"झालं. सोड गाठ."

गाठ रुखमाबाईंनी मारलेली, पक्की होती. नलूला नखांनी सुटेना. तिनं सवयीनं दाराकडे पाहिलं आणि स्कार्फचं टोक पुढं केलं.

"आजी, सोडून दे ना."

रुखमाबाई चौकटीला धरून तशाच उभ्या राहिल्या. मग इंदूनंच पोरीला जवळ ओढलं, खाली बसली, आणि दातांनी ती गाठ सोडवायला लागली.